रेघेच्या अलीकडे

परवा दुपारी शाळेचा नवा शिपाई फक्कीची गोणी आमच्या ओट्यावर टेकवून गेला. "काकांना सांगा ताई, साहेब बघायला येणार हायेत, संध्याकाळपर्यंत रेघ मारून पायजे," असं म्हणाला आणि गाडीला किक मारून निघालासुद्धा. गोणीचं तोंड सुतळीनं आवळलेलं होतं, तरी थोडी पांढरी पूड ओट्यावर सांडलीच. मी ती तळहातानं गोळा केली. फक्कीला वास नसतो म्हणतात. मला येतो.

काका म्हणजे माझे वडील, अप्पा. पडेगावच्या कोपऱ्यावरच्या शाळेत ते तीस वर्षं शिपाई होते. घंटा, पाणी, चहा, नोटीस हे सगळ्याच शिपायांचं काम. अप्पांचं खास काम होतं रेघा मारायचं. वर्षातून एकदा खेळाच्या स्पर्धा आल्या की मैदानावर धावपट्टी आखायची, आणि निवडणूक आली की शाळेपासून शंभर मीटरवर एक आडवी रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत प्रचार नाही, पक्षाचा बिल्ला नाही, मत नसलेल्या माणसाला प्रवेश नाही. दोन्ही रेघांना हत्यार एकच, तुपाचा पत्र्याचा डबा, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं. अप्पा निवृत्त होऊन सात वर्षं झाली. नव्या माणसाची रेघ वाकडी जाते म्हणून गोणी अजून आमच्याच ओट्यावर येते.

तशी निवडणूक आल्याला पंधरा दिवस झाले होते. भोंग्यांच्या रिक्षा फिरत होत्या, कधी नव्हे ते नाल्यावर ढापे बसत होते. सकाळी मी दौलताबादच्या रस्त्यावर हळूहळू पळते. टाच साथ देते तेवढंच, वडांच्या सावलीतून किल्ल्याकडे तोंड करून जायचं आणि वळायचं. थंडीत तिथं बोरांच्या नि पेरूंच्या टोपल्या घेऊन बाया बसतात. त्यातल्या एकीनं परवा सकाळीच विचारलं, "यंदा मत कुणाला बाई?" मी म्हटलं, "ठरलं नाही." खोटं बोलायला काही लागत नाही, आणि एवढ्या सकाळी खरं सांगत बसायला फार दम लागतो.

खरं असं आहे की मला मत नाही. मी या देशाची नागरिक नाही.

दहा हजार मीटर ही माझी शर्यत. चारशे मीटरच्या पट्टीला पंचवीस फेऱ्या. लोकांना वाटतं धावणं म्हणजे पुढं जाणं. पंचवीस फेऱ्या मारून माणूस जिथल्या तिथंच येतो. मी धावायला शिकले ती अप्पांच्या फक्कीच्या पट्टीवर, अनवाणी. अप्पा मध्ये खुंटी ठोकून, सुतळी ताणून, उलटे चालत रेघ ओढायचे आणि मी बाजूनं त्यांच्या चालीनं चालायचे. त्यांचे दोनच नियम होते. रेघ ओढणाऱ्यानं नेहमी बाहेरच्या बाजूनं चालायचं, म्हणजे आपलाच पाय लागून रेघ फिसकटत नाही. आणि धावणाऱ्यानं आतल्या रेघेला पाय लावायचा नाही. "रेघेला पाय लागला की बाद. मंग किती बी जोरात पळ."

शाळेतून तालुका, तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य. पुढं राष्ट्रीय शिबिर. दोनदा संघ निवडला गेला आणि दोन्ही वेळा माझं नाव यादीच्या खाली राहिलं. वेळ माझी चांगली होती. कारणं सांगितली गेली, ती मी ऐकून घेतली, आता तीही नीट आठवत नाहीत. मग एक एजंट भेटला. समुद्राकाठचा एक छोटा देश होता, त्यांच्याकडे तेल होतं, स्टेडियम होतं, धावणारे नव्हते. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही; त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. कोच, डॉक्टर, बूट, राहायला खोली, सगळं दिलं. आमच्या घरावर स्लॅब पडला तो तिथल्याच पगारातून. बदल्यात मी त्यांची व्हायचं होतं.

नागरिकत्व बदललं त्या दिवसाचं मला फार काही सांगता येत नाही. एसी खूप गार होता. जुना पासपोर्ट मी एका काचेखालून सरकवला, एका बाईनं त्याचा कोपरा कात्रीनं कापला आणि परत दिला. समोर बशीत खजूर होते. मी तीन खाल्ले. बाहेर ऊन होतं. आपल्याला आता रडू येईल म्हणून मी जरा थांबून पाहिलं, पण आलं नाही. मग मी सरावाला गेले.

नियमाप्रमाणे तीन वर्षं कुणाकडूनच धावता येत नव्हतं. एका देशाची राहिले नव्हते आणि दुसऱ्याची मोजली जात नव्हते. रोज पहाटे वीस किलोमीटर, छातीवर नंबर नाही, कपड्यावर नाव नाही. चौथ्या वर्षी धावले. पाचव्या वर्षी एक सोन्याचं मेडल मिळालं. त्यांचं राष्ट्रगीत मी वहीत देवनागरीत लिहून पाठ केलं होतं. मंचावर उभी राहून सगळं म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मला काहीच वाटलं नाही. हे लिहायला बरं दिसत नाही, पण तसंच होतं. डाव्या टाचेत ठणका होता, तेवढा कळत होता.

त्या दिवशी अप्पांचा फोन आला. त्यांनी मोबाईलवर शर्यत पाहिली होती. शाबासकी, अभिनंदन असलं काही नाही. म्हणाले, "सुजे, आकराव्या फेरीला तुझा पाय आतल्या रेघेला लागला व्हता. पंचांच्या ध्यानात आलं नाय. माझ्या आलं."

अप्पांना वाटायचं की मी त्या देशाकडून खेळते म्हणजे जत्रेत पैलवान दुसऱ्या गावाकडून उतरतो तसंच काहीतरी. कुस्ती झाली, फेटा बांधला, नारळ घेतला, पैलवान आपल्या गावी. गल्लीत ते लोकांनाही तसंच सांगायचे. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. आधी वाटलं फोनवर कसं सांगायचं. पुढं वाटलं, आता इतक्या उशिरा कशाला.

टाचेची शीर तुटली, कोचनं हात झटकले, करार संपला आणि मी घरी आले. तो पाच वर्षांपूर्वीचा हिवाळा. तोही निवडणुकीचाच होता. भोंगे, धुळीत लोळणारी पत्रकं, कोपऱ्याकोपऱ्यावर चहाच्या किटल्या. मी तो सगळा हंगाम खिडकीत बसून पाहिला, टाच बर्फाच्या पिशवीवर ठेवून.

आमच्या घरात मतदान हा सण आहे, हे आधी सांगायला हवं होतं. पौर्णिमेला विहारात जायचा पांढरा सदरा-पायजमा अप्पा त्या दिवशीही घालतात. सकाळी आंघोळ, वंदना, आणि केंद्र उघडायच्या आत रांगेत पहिला नंबर. चहा नंतर. लहानपणी मी विचारलं होतं, एवढी घाई कशाला, दिवसभर उघडंच असतं की. तेव्हा त्यांनी सांगितलेलं मला शब्दाला शब्द आठवतं. वैजापूरकडच्या आमच्या गावातलं होतं. "माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली चपला हातात घिऊन उभा ऱ्हायचा. मताच्या लायनीत मात्र बाप म्होरं आन पाटील त्याच्या मागं. उनात. बाप मागं वळून बघत बी नव्हता. म्या बघितलं, पाटलाला घाम आलता." म्हणून पहिला नंबर. मला अठरा वर्षं झाली तेव्हा अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. जिल्ह्यात पहिली आले तेव्हा नव्हते वाटले. तेव्हापासून घरची मतं तीन झाली. ती ते एखाद्याकडे तीन एकर असावेत तसं सांगायचे.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी निर्मला मॅडम यादी घेऊन आल्या. अप्पांच्याच शाळेतल्या बाई, निवडणुकीत बीएलओचं काम त्यांच्याकडे असतं, म्हणजे घरोघर जाऊन मतदारांची नावं तपासायचं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी आमची तिघांची नावं वाचली. मला पाहून म्हणाल्या, "सुजाता आलीय वाटतं! बरं झालं अप्पा, या खेपेला तिन्ही मतं."

"तीन," अप्पा म्हणाले. "एक बी कमी नाय."

मी म्हटलं, "मॅडम, माझं नाव काढावं लागेल."

मॅडमचा चेहरा एकदम फुलला. "अगं, लग्न ठरलं? कुठं दिलं?" पोरीचं नाव माहेरच्या यादीतून काढायचं म्हणजे लग्न, एवढाच अर्थ आमच्याकडे होतो. आई चहा घेऊन येत होती, ती दारातच थबकली. तिला क्षणभर खरंच वाटलं असावं.

"लग्न नाही. मी इथली नागरिक नाही. पाच वर्षं झाली."

अप्पा म्हणाले, "पासपोर्ट तिकडचा हाय म्हन की. पासपोर्ट प्रवासाला लागतो."

"पासपोर्ट नाही अप्पा. मीच तिकडची आहे. इथलं सोडून दिलं, सही करून."

 बाहेरून एक भोंगा जवळ आला, दारावरून गेला आणि लांब गेला. तेवढा वेळ सगळे तो ऐकत बसलो. मला वाटलं होतं आपण हे सांगू तेव्हा आवाज कापेल. तो कापला नाही, दुधाचा हिशेब विचारावा तसा निघाला, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

आईनं कप ठेवले. "नाव हाय ना पन यादीत? मंग कोन इचारतंय? बोट म्होरं करायचं, शाई लावून घ्यायची. घरचीच पोरगी हाय, कुठली चोर हाय का?"

"तसं चालत नाही हो ताई, गुन्हा आहे तो," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या भल्या बाई. त्यांनी पिशवीतून सात नंबरचा फॉर्म काढला, नाव वगळायचा. "मी असं करते, कारणात 'कायमचे स्थलांतर' लिहिते. मुली सासरी गेल्या की आम्ही तेच लिहितो. कुणी खोलात जात नाही, गल्लीत चर्चा नको."

"तिचं लगीन झालंय का?" अप्पांनी विचारलं.

"नाही, पण..."

"ती घरी बसलीय ना, ही काय, तुमच्या म्होरं? मंग खोटं कामून लिवायचं?"

त्यांनी चष्मा पुसला आणि फॉर्म मांडीवर घेतला. मॅडम म्हणाल्या, सुजातानं स्वतः भरला तरी चालतो. अप्पांनी मान हलवली. "नाय. मतदार मी हाय. म्याच भरतो." शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचे त्या गोल अक्षरात त्यांनी माझं नाव लिहिलं. मग कारणांच्या यादीवर बोट ठेवून एकेक कारण मोठ्यानं वाचलं. मयत. स्थलांतरित. दुबार. शेवटी बोट थांबलं. भारतीय नागरिक नाही. तिथं त्यांनी खूण केली. फळ्यावर चुकलेलं पुसायला ते नेहमी ओलं फडकं हाताशी ठेवायचे. त्या दिवशी सही करून झाल्यावर त्यांचा डावा हात उगाच खुर्चीच्या बाजूला चाचपडला.

त्यानंतर अप्पा माझ्याशी बोलले नाहीत असं नाही. बोलायचे. नळाला पाणी आलंय, मोटार लाव. गोळी घेतलीस का. महिन्यानं नोटीस आली. सरकारी भाषेत विचारलं होतं, तुमच्या नावाबद्दल आक्षेप आलेला आहे, तुमचं म्हणणं काय. आक्षेप घेणाऱ्याचं नाव छापलेलं होतं. आडनाव माझंच. मी खाली लिहिलं, म्हणणं नाही. नोटिशीची एक प्रत मेडलच्या डब्यात ठेवली, कारण मेडल आईनं भिंतीवर टांगलं होतं आणि तेवढाच डबा रिकामा होता.

आणि मग मतदानाचा दिवस. पहाटे मोरीतून पाण्याचा आवाज आला, मग वंदनेचा. मी पांघरुणात होते. डोळे उघडले असते तर उठावं लागलं असतं, आणि उठून काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. आईच्या बांगड्या वाजल्या, चपला वाजल्या, दार ओढलं गेलं. मग कडी आणि कुलूप.

मतदानाला सगळं घर जातं, म्हणून घराला कुलूप लागतं. इतक्या वर्षांची सवय. अप्पांच्या हातानं ते आपोआप लावलं. मी आत होते.

हाक मारली असती तर दोघं गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेले नव्हते. मी मारली नाही. उठून दारामागं बसले. दाराच्या फटीतून बाहेरचा उजेड येत होता, आधी निळा, मग पिवळा. शेजारचे लोक जाताना ऐकू येत होते. कुणीतरी म्हणालं, "आप्पाचं कुलूप बघ, गेले पन!" मला राग आला नव्हता, वाईट वाटत नव्हतं. वाटायला हवं तिथं माझ्या आत काहीच नव्हतं, भूल दिलेल्या दातासारखं, जिभेनं चाचपून बघावं आणि दात दुसऱ्याचाच लागावा. दीड तास मी तिथं बसले. पाय बधिर झाले तेव्हा बरं वाटलं, निदान त्याचं कारण माहीत होतं.

दार उघडलं तेव्हा अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "तू आत व्हतीस व्हय!" आईनं एकदम हसायला सुरुवात केली आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी कुलूप हातात घेऊन, उलटंसुलटं करून पाहिलं, जणू चूक कुलपाची होती. बोटाला शाई होती. चहा मी केला.

त्याला पाच वर्षं झाली. आता दरवर्षी मी एका ऑफिसात जाऊन लिहून देते की मी पडेगावात राहते. फॉर्मवर भेटीचं कारण विचारतात. मी लिहिते, कुटुंबाची भेट. पाच वर्षं मी घरी भेटीला आलेली आहे. गल्लीत मला फॉरेनर म्हणतात, भाजीवाला तर म्हणतो, ताई तुम्हाला डॉलरमध्ये पडेल. मोबाईलवर काही लोकांनी मला गद्दार म्हटलं होतं, तेही वाचलं. पुन्हा इथली होता येतं, अर्ज केलाय. तो कुठल्यातरी टेबलावर आहे. होईल किंवा नाही होणार. रोज त्याची वाट बघत नाही, एवढं मात्र खरं. खोटं कशाला सांगू, वाट बघायची माझी ताकद त्या तीन वर्षांतच संपली.

तर परवा फक्कीची गोणी आली. अप्पा संध्याकाळी उठले, डबा भरला आणि दोन पावलांवर थांबले. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. डबा हलला की फक्की नागमोडी पडते. त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. "धर. सरळ मार."

शाळेच्या फाटकापासून मी पावलं मोजत निघाले. शंभर मीटर मी कधी शर्यतीत धावले नाही, पण माझ्या चालीची एकशे तीस पावलं म्हणजे शंभर मीटर हे पायांना पाठ आहे. अप्पा मागून टेप धरून आले. बोटभरसुद्धा फरक नव्हता. मग सुतळी ताणली आणि उलटं चालत रेघ ओढली, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, शिकवल्याप्रमाणे बाहेरच्या बाजूनं. टोकाला पोचून मान वर केली. शाळा समोर होती, नुकता चुना मारलेली, आणि मी रेघेच्या अलीकडे.

अप्पा वाकून रेघ बघत होते. "बराबर," म्हणाले.

काल पहाटे मोरीत पाण्याचा आवाज झाला. वंदना झाली. मी पांघरुणातच होते. आईच्या बांगड्या वाजल्या. मग अप्पा माझ्या उशाशी येऊन उभे राहिले, पांढऱ्या कपड्यांत.

"सुजे, ऊठ. घराला कुलूप लावायचंय."

मी म्हटलं, "अप्पा, मी येऊन काय करू?"

"कुलूप लावायचंय," ते पुन्हा म्हणाले, आणि दाराशी जाऊन थांबले.

आम्ही तिघं निघालो. रस्ता रिकामा होता, थंडी होती, रेघ दवानं थोडी ओली होऊन जमिनीला चिकटली होती. रेघेपाशी मी थांबले. सवयीनं डावा पाय पुढं, बोटं रेघेपासून वीतभर मागं. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून आईनं तिचा माझ्याकडे दिला. अप्पांनी त्यांचा दिला. शेजारची बाई आली, म्हणाली, "तू हाईस व्हय इथं, धर गं माझा बी." थोड्या वेळानं माझ्या ओढणीत अर्ध्या गल्लीचे मोबाईल होते आणि त्यातले दोन वाजत होते.

बंदोबस्ताचा हवालदार काठी घेऊन आला. नवखा असावा. "ताई, इथं गर्दी नको. मतदान असंल तर आत जा, नसंल तर व्हा बाजूला."

मी तोंड उघडायच्या आत अप्पा मागं वळले. ते रेघ ओलांडून गेले होते, पण आईला नंबर धरायला पुढं पाठवून तिथंच घुटमळत होते. ते परत आले, खिशातून घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"तिला मत नाय," ते हवालदाराला म्हणाले. "पोरगी माझी हाय. ही रेघ तिनंच मारलीय. तिला इथंच उभी ऱ्हाऊ द्या."

मग ते आत गेले. रांगेत त्यांचा पहिला नंबर होता.